आप्पांची कंबर

सुटीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं दिसलं की गल्ली ओळखायची, आज आत गिऱ्हाईक नाही, घरच्यांचीच खडाजंगी आहे. या घरात वर स्वयंपाकघर होतं, बैठकीची खोली होती, चांगली ऐसपैस गच्चीसुद्धा होती. पण भांडायचं तर खाली दुकानात, कापड बेतायच्या मोठ्या टेबलाभोवती. दादाचं लग्न याच टेबलावर ठरलं. आप्पांची लेक दुकान सोडून गेली तीही याच टेबलावर हात आपटून. आणि आज आप्पांचं पोट फाडायचं की नाही, हे इथेच ठरणार होतं.

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन जिना उतरली तेव्हा सगळे आपापल्या जागा धरून बसले होते. आप्पा टेबलाच्या डोक्याशी. डोळ्यांतला पिवळेपणा बराच उतरला होता, पण गेला नव्हता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, राखाडी पँट, दोन्ही कसे अंगाबरोबर. गल्लीभर ज्यांना मास्तर म्हणतात त्यांनी ढगळ कपड्यांत बसायचं म्हणजे झालंच. शेजारी आई. शिलाई मशीनच्या स्टुलावर आत्याबाई, म्हणजे आप्पांची बहीण, काविळीचं ऐकून चार दिवसांसाठी आलेली आणि आता हलायचं नाव न घेणारी. दादा उभा होता, कारण बसून बोललं की त्याला स्वतःचं म्हणणं पटत नसे. आणि त्याच्या बरोब्बर समोर तोफ.

तोफ म्हणजे आप्पांची लेक. नाव आप्पांनीच पाडलेलं, आणि ते का पाडलं हे पहिल्या वाक्यातच कळायचं. दादाशी वाजल्यावर तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला कपडे दुरुस्तीचं स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून तिचं आणि सूनबाईचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तोफेचं म्हणणं, वहिनीने दादाचे कान भरले. सूनबाईचं म्हणणं, माझ्या नवऱ्याच्या कानांत भरायला जागाच कुठे आहे, ते आधीच स्वतःच्या आवाजाने भरलेत. पण हे ती आजवर फक्त मनातच म्हणत आली होती.

"पुन्हा एकदा वाचतो," दादा रिपोर्ट नाचवत म्हणाला. "कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. नाहीत! मराठीतच सांगतोय ना मी? तरी हिचं आपलं तेच. ऑपरेशन, ऑपरेशन."

"सुईला सापडल्या नाहीत," तोफ म्हणाली. "सर्जनबाईंनी आपल्या सगळ्यांदेखत सांगितलं. स्वादुपिंड पोटात पार मागे, पाठीच्या कण्याला टेकून. घशातून दुर्बीण घालायची, तिथून सुई टोचायची. गाठीभोवती सूज असते. सुई सुजेत शिरली की रिपोर्ट चांगला, बस्स. चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका, असं त्या म्हणाल्या की नाही?"

"त्या असंही म्हणाल्या, की नुसती सूज असू शकते. गोळ्यांनी ओसरणारी. मग गोळ्या देऊन बघू, पुन्हा फोटो काढू. घाई काय आहे?"

"घाई ही आहे दादा, की गाठ आज काढण्याजोगी आहे. मागच्या मोठ्या शिरेला अजून चिकटलेली नाही. उद्या चिकटली की मग कोण काढणार? तू?"

"आणि कॅन्सर नसताना एवढं मोठं ऑपरेशन केलं आणि आप्पा टेबलावरच..." दादाचं वाक्य अर्धवट राहिलं.

"अगंबाई, असलं काही बोलू नका रे!" आत्याबाई म्हणाल्या. "मला विचाराल तर दादाचं बरोबर आहे. चांगला रिपोर्ट आलाय तर त्याला नाट कशाला लावायचा?"

म्हणजे दोन विरुद्ध एक. आई गप्प होती. आप्पा तर अशा शांतपणे चहा पीत होते, जणू शेजारच्या घरचं भांडण ऐकताहेत.

सूनबाईची नजर मात्र आप्पांच्या राखाडी पँटवरून हलेना. तिला कारण पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं. आप्पांची पाठ बरेच दिवस दुखत होती. टेबलावर जन्मभर वाकून काम केलेल्या माणसाची पाठ दुखली तर कोण मनावर घेतो? मग एकाएकी रक्तात साखर निघाली. नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं. मग डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, आणि गाठ सापडली ती तेव्हा. गाठीने पित्ताची नळी दाबली होती. डॉक्टरांनी नळीत नळी घालून कावीळ उतरवली, पण गाठ कशाची हे काही केल्या ठरेना. रक्तातली एक खूण वाढलेली होती, तर ती म्हणे काविळीनेही वाढते. शेवटी सर्जनबाईंनी चष्मा काढून सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "मला एक नीट आठवून सांगा. काविळीच्या आधीपासून यांचं वजन उतरत होतं का? तसं असेल तर माझं मत ठाम होईल."

आप्पा वजनकाट्यावर कधी चढायचेच नाहीत. माझं माप मला माहीत आहे, म्हणायचे. डॉक्टरांनी फारच धरलं तर बूट-कोटासकट उभं राहायचे आणि भलताच आकडा दाखवायचे. तेव्हा दादाने छाती पुढे काढून उत्तर दिलं होतं, "छे! आमचा धंदाच कपड्यांचा आहे डॉक्टर. वजन उतरलं असतं तर आम्हाला पहिल्यांदा कळलं असतं. यांचे कपडे बघा, अगदी अंगाबरोबर आहेत."

आणि त्याच्या मागे उभी असलेली सूनबाई जिभेवर दगड ठेवून गप्प बसली होती. कारण हीच राखाडी पँट तिने स्वतः कमरेत आत घेतली होती. आप्पांनीच गुपचूप आणून दिली होती. "सूनबाई, जरा आत घे. आणि कुणाला बोलू नकोस हं, नाहीतर म्हणतील म्हातारा वाळायला लागला." तिने हसत हसत घेतलीही होती. तेवढंच तर आहे, तिला वाटलं होतं. तेवढ्यासाठी नवऱ्याला चारचौघांत, तेही डॉक्टरांसमोर, खोटं पाडायचं?

"आता निकाल लावू," दादा टेबलावर टिचकी मारत म्हणाला. "मी उद्या सर्जनबाईंना सांगतो, आम्ही थांबतोय. गोळ्या द्या."

तोफेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत सूनबाईने तिला ओरडताना पाहिलं होतं, दारं आपटताना पाहिलं होतं, पण हे नाही. तोफ म्हणाली, "दादा, अरे, माझा बाप जाईल रे."

"अहो," सूनबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "थांबा. आप्पांचं वजन उतरलंय. काविळीच्या आधीपासून. मी ही पँट आत घेतलीय."

दादाच्या हातातला रिपोर्ट टेबलावर पडला. दादाचा चेहरा खर्रकन उतरला. "तू? आणि मला आत्ता सांगतेस?"

"चुकलंच माझं. पण आता बोलले नाही तर जन्मभर झोप लागायची नाही मला."

"कधी घेतलीत?" तोफेने डोळे पुसत विचारलं.

"साखर निघाली त्याच सुमाराला."

"मग ती कुठली पँट?" तोफ गोंधळली. "कारण राखाडी तर मी आत घेतलीय. आप्पा माझ्या दुकानात येऊन बसले होते तेव्हा. पथ्याने सैल झाली म्हणाले, म्हणून मी दवाखान्यात बोलले नाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी एकदमच आप्पांकडे बघितलं. आप्पा कपाच्या तळाशी काहीतरी शोधत होते.

"आप्पा," तोफ म्हणाली, "पँट काढा."

"काय हे बोलणं!" आत्याबाई किंचाळल्या.

"बापाला पँट काढायला सांगतेय, परक्याला नाही. आप्पा, उठा."

आप्पा निमूट उठले आणि पडद्यामागे गेले. तिथे गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात. आधी पँट बाहेर आली. पाठोपाठ आप्पा. फळीवरच्या सुटाच्या कापडाचा एक तुकडा कमरेला गुंडाळून, शर्ट काढून हातावर टाकलेला. "घ्या, हाही बघा. यातही आहे काम," ते म्हणाले. हसायला म्हणूनच म्हणाले असावेत. पण कुणी हसलं नाही.

बनियनमधून गळ्याची हाडं वर आली होती. दंड तर आत्याबाईंच्या मनगटाएवढे. इतके दिवस हा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरत होता, आणि बेतशीर कापलेल्या, नेटकेपणाने शिवलेल्या कपड्यांनी सगळ्यांना फसवलं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात पँट घसरली असती, कॉलर मानेभोवती फिरली असती, कुणीतरी म्हटलं असतं, अहो, केवढे वाळलात! या घरात ते कधी दिसायचंच नाही. सूनबाईने तोंडावर पदरासारखा ट्रेवरचा रुमालच धरला.

तोफेने पँट उलटी करून टेबलावर पसरली. कमरेमागच्या शिवणीत आप्पा नेहमी भरपूर कापड सोडायचे, पोट सुटलं तर सैल करता यावी म्हणून. आता तिथे आतल्या आत घड्याच घड्या होत्या, एकीवर एक.

"हा माझा टाका," तोफ बोट ठेवत म्हणाली. "हा वहिनींचा. शेवटाला मशीन दोनदा उलटं मारायची सवय यांचीच. आणि हे तीन आप्पांचे स्वतःचे. वा, आप्पा! आणि हा हातशिलाईचा, सगळ्यात खालचा? सगळ्यात जुना?"

"माझा," आई म्हणाली. तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "थंडी सरता सरता. साखरबिखर काही नव्हतं तेव्हा. मला म्हणाले, पोरांना सांगू नकोस."

"म्हणजे पथ्याने वाळले म्हणायलाही जागा नाही. पथ्य तर नंतर सुरू झालं," सूनबाई म्हणाली.

"बरोबर, वहिनी." तोफेने तिला बरोबर म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मग तिने पँट उजेडाकडे धरली. "पण हा सगळ्यात ताजा कुणाचा? एवढा ओढून दोरा घालणारा..."

"घरात एकच आहे," आप्पा म्हणाले. "लहानपणापासून सांगतोय, दोरा ओढू नकोस. ऐकेल तर शपथ."

सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. दादा अखेर बसला. ज्या माणसाने सर्जनबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं की कपडे अंगाबरोबर आहेत, त्याने ते आदल्याच दिवशी अंगाबरोबर करून ठेवले होते.

"मला वाटलं, मी एकट्यानेच केलंय," तो पुटपुटला. "एकदाच तर... म्हटलं, दवाखान्यात जायचंय, बरे दिसावेत. आणि खरं सांगू? वजन उतरलंय असं मी म्हटलं असतं, तर त्या बाई म्हणाल्या असत्या कॅन्सर. मला ते ऐकायचंच नव्हतं."

आई उठली, त्याच्यापाशी गेली आणि त्याचं डोकं पोटाशी धरलं. एवढा मोठा बाप्या, पण मुलासारखा हमसून रडला. तोफेनेसुद्धा निमूट आपला रुमाल त्याच्यापुढे सरकवला, यावरून काय ते समजा.

"बरं, पुरे," आप्पा म्हणाले. "मला थंडी वाजतेय. सर्जनबाईंना फोन लावा."

फोन टेबलावर मध्यभागी ठेवला. सगळी हकिगत तोफेने सांगितली, मध्ये मध्ये सूनबाईने भर घातली, आणि दोघींचं एकदाही वाजलं नाही. पलीकडून सर्जनबाईंनी विचारलं, "कपडे आत घेत होतात? सगळेच जण?" मग त्यांचा आवाज बदलला. "ऐका. वजन इतकं आधीपासून उतरतंय, मग या वयात नवीन साखर, मग कावीळ. आता मी थांबायला सांगणार नाही. उघडल्यावर ती सूज निघण्याची शक्यता थोडी आहे, ते मी लपवत नाही. ऑपरेशन मोठं आहे, धोका आहे. पण कॅन्सर असेल आणि आपण थांबलो, तर ही संधी पुन्हा मिळेलच असं नाही."

"बाई, मी मास्तर बोलतोय," आप्पा पुढे झुकले. "काय काय कापणार?"

"स्वादुपिंडाचं डोकं, त्याला लागून आतड्याचा तुकडा, पित्ताशय, पित्ताची नळी. मग उरलेलं सगळं पुन्हा आतड्याला जोडायचं. तीन ठिकाणी."

"तीन जोड!" आप्पांच्या आवाजात कौतुक होतं. "आणि जोड कोण घालणार? तुम्ही, की हाताखालची पोरं?"

"जोड मी स्वतः घालते."

"कापणं अवघड की जोडणं?"

"जोडणं. स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात अवघड. तो गळू शकतो. म्हणून तर मी तो कुणाला देत नाही."

आप्पांनी टेबलाभोवती एकेकाकडे बघितलं. "मग ठरलं. माझं शरीर आहे, मी गिऱ्हाईक आहे आणि मला या बाईंचं काम पसंत आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

"मी अजूनही सांगतो, कॅन्सर निघणार नाही," दादा नाक पुसत म्हणाला. "करा ऑपरेशन. पण माझं म्हणणं लक्षात ठेवा."

"ठेवू हो, ठेवू," आत्याबाई म्हणाल्या. "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, ऑपरेशनच करा म्हणून!"

यावर मात्र सगळे हसले. आप्पा सगळ्यांत मोठ्याने, कापडाचा तुकडा सावरत.

ऑपरेशनच्या दिवशी वाट बघायच्या खोलीत एक वेगळीच पंचाईत होती. सर्जनबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आत गेल्यावर गाठ दुसरीकडे पसरलेली दिसली, तर काही न काढता पोट बंद करून मी लवकर बाहेर येईन. म्हणजे इतर लोक दार उघडायची वाट बघत होते आणि हे कुटुंब दार उघडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलं होतं. सकाळी लवकरच दार उघडलं. आई उभीच राहिली. तर एक परिचारिका रिकामी ट्रॉली घेऊन निघून गेली. पुन्हा उघडलं, तर दुसऱ्याच कुणाचे तरी डॉक्टर.

"त्या दाराला खिळे ठोका कुणीतरी," तोफ दातओठ खात म्हणाली.

"वन्सं, इकडे बसा," सूनबाई म्हणाली आणि बाकावर सरकली. तोफ बसली. सूनबाईने पाण्याची बाटली तिच्यापुढे केली. मग तोफ म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही तोंड उघडलं नसतंत तर..."

"उघडलं ना?"

"मी तुमच्याबद्दल फार वाईटसाईट बोललेय."

"माहितीये. मीही काही कमी नाही बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही एवढंच." तोफ खुदकन हसली आणि तिने सूनबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं. दुपार झाली. दार बंदच. डबा कुणी उघडला नाही. उन्हं खिडकीतून सरकत भिंतीवर गेली, तरी दार बंदच. आणि ते जसजसं बंद राहिलं तसतसे चेहरे उजळत गेले. दादा येरझाऱ्या घालत म्हणायला लागला, "चाललंय! काम चाललंय आत!"

सर्जनबाई आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "निघाली," त्या म्हणाल्या. "सगळी. कुठे पसरलेली दिसली नाही. जोड चांगले बसलेत. कशाची होती ते तपासणीनंतर कळेल."

पुढचे दिवस सोपे नव्हते. आप्पांच्या पोटातून नळ्या, नाकातून नळी, आणि स्वादुपिंडाचा जोड गळतो की काय ही रोजची धाकधूक. आई हात धरून बसायची. सून आणि नणंद पाळ्या लावून राहायच्या आणि पाळी संपली तरी घरी जायच्या नाहीत. जोड गळला नाही. नाकातली नळी निघाली. आप्पा उशीला टेकून बसायला लागले आणि परिचारिकेच्या गणवेशाची खांद्याची शिवण चुकलीय असं तिला सांगूनही मोकळे झाले.

त्याच सकाळी सर्जनबाई रिपोर्ट घेऊन आल्या. खोलीत सगळे होते. पलंगाभोवती अगदी टेबलाभोवती बसतात तसेच. फक्त मध्ये टेबलाऐवजी आप्पा.

"कॅन्सरच होता," सर्जनबाई म्हणाल्या.

आईने डोळे मिटले.

"पण गाठीभोवती कापलेल्या सगळ्या कडा स्वच्छ आहेत. बाजूच्या ग्रंथींमध्येही नाही. या आजारात इतक्या वेळेवर फार थोडे लोक माझ्यापर्यंत पोचतात. पुढे औषधं घ्यायला लागतील, ती त्रासाची असतात. वर्षानुवर्षं तपासण्या कराव्या लागतील, तो परत येणारच नाही असं मी लिहून देणार नाही. पण आज यांच्या पोटात मला दिसणारा कॅन्सर नाही. अजून थोडे दिवस थांबला असतात, तर मी हे बोलू शकले नसते."

"म्हणजे..." आत्याबाईंनी हळूच विचारलं. "चांगलं की वाईट?"

"चांगलं!" आई ओरडली. जन्मात ती कधी ओरडली नव्हती. "अहो, चांगलं! होता आणि निघाला! ऐकलंत का, निघाला!" तिने सर्जनबाईंचे दोन्ही हात धरून असे हलवले, की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. तोफेने सूनबाईला मिठी मारली. आत्याबाई कुणाच्या गळ्यात पडावं ते न कळून परिचारिकेच्याच गळ्यात पडल्या. बाहेर जाणारे येणारे दारात थबकले. कॅन्सर हा शब्द ऐकून नाचणारं घर त्यांनी कधी बघितलं नसावं.

दादा मात्र पलंगाच्या पायथ्याशी खिळून उभा होता. सूनबाईने मिठी सोडवून त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस संसारात एकदाही कुठल्या वादात हरला नव्हता. निदान हरलो असं म्हणाला नव्हता. खिडकीची जागा असो की मुलीची शाळा, शेवटचा शब्द त्याचा.

"मी म्हणालो होतो, कॅन्सर निघणार नाही," तो सावकाश म्हणाला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्याने दोन्ही हात वर केले. "हरलो! आप्पा, मी हरलो! तोफे, तू जिंकलीस गं! हरलो मी!"

"अहो, हळू," सूनबाई रडता रडता हसत म्हणाली. "दवाखाना आहे."

"हळू कशाला?" आप्पा उशीवरून म्हणाले. आवाज खोल होता, पण मास्तरांचाच होता. "एवढी वर्षं वाट बघितलीय मी. पुन्हा म्हण रे, सगळ्यांना नीट ऐकू जाऊ दे."

आणि दादा पार बाहेर व्हरांड्यात गेला, आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत सुटला, की मी हरलो.